कॉलेज अल्जेब्रा: गणित ओळखीचं, नियम अनोळखी

(ज्यांना ऐकायला जमलं नाही किंवा इअरफोन घरी राहिला, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलतानाचे "म्हणजे… ते… हां" काढून टाकलेत, बाकी जवळजवळ जसंच्या तसं.)

 

गेले काही आठवडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "ताई, मी ऑगस्टमध्ये अमेरिकेला चाललेय, बॅचलर्सला. पहिल्या सेमिस्टरला कॉलेज अल्जेब्रा दिलंय. यूट्यूबवर बघितलं तर सगळं दहावी-अकरावीचंच आहे. मग हा विषय असाच निघेल ना?"

असाच नाही निघणार. गणित ओळखीचं आहे हे खरं. पण तिथं या विषयात अडकलेली आपली जी मुलं मी बघितली, त्यांतलं एकही गणित येत नव्हतं म्हणून अडकलं नव्हतं. पहिल्या दिवशी मिळालेली आठ-दहा पानं त्यांनी वाचली नव्हती. त्या पानांना तिथं सिलॅबस म्हणतात, आणि आजचा अख्खा भाग त्या पानांवर आहे.

हे मी सांगतेय, कारण मी गणितात मास्टर्स करायला तिकडे गेले आणि फी परवडावी म्हणून टीचिंग असिस्टंटचं काम घेतलं. गणित डिपार्टमेंटमध्ये टीए झालात की तुमच्या वाट्याला बहुतेक वेळा हाच कोर्स येतो. चार सेमिस्टर मी त्याच कोर्सचे होमवर्क तपासले, क्विझ घेतल्या, रडणाऱ्या मुलांना टिश्यू दिले. युनिव्हर्सिटीचं नाव सांगत नाही. गरजही नाही, थोड्याफार फरकाने सगळीकडे असंच चालतं.

आधी विषय काय आहे ते पटकन. बहुतेक ठिकाणी तीन क्रेडिटचा, पहिल्या वर्षाचा कोर्स. समीकरणं, असमानता, फंक्शन्स आणि त्यांचे आलेख, पॉलिनोमियल, लॉगरिदम, आणि वेळ उरला तर मॅट्रिक्स आणि श्रेढी. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, अगदी क्रेमरची पद्धतसुद्धा होऊन गेलेली असते. अकरावी-बारावीला गणित घेतलं असेल तर उरलेलंही बरंचसं झालेलं असतं. (बी.एस्सी. मॅथ्सवाल्यांनो, तुमचं ग्रुप-रिंगवालं अल्जेब्रा हे नव्हे. त्याला तिकडे ॲबस्ट्रॅक्ट अल्जेब्रा म्हणतात.)

मग हा कोर्स आपल्या मुलांच्या वाट्याला येतो कसा? काही जण कॉमर्स किंवा आर्ट्सचे, बारावीला गणित नव्हतंच. आणि काही जण प्लेसमेंट टेस्टमुळे. बऱ्याच युनिव्हर्सिटी प्रवेशाआधी ऑनलाइन गणिताची चाचणी घेतात, ॲलेक्स हे त्यातलं नेहमीचं नाव. ती चाचणी ठरवते तुम्ही कुठल्या पायरीवर उभं राहायचं. आपली मुलं काय करतात? व्हिसाच्या धावपळीत, रात्री एक वाजता, "नुसती फॉर्मॅलिटी आहे" म्हणत उरकून टाकतात. आणि मग इंजिनिअरिंगला निघालेला मुलगा कॅल्क्युलसऐवजी दोन पायऱ्या खाली अल्जेब्रात बसतो. त्या दोन पायऱ्या म्हणजे दोन सेमिस्टरची फी आणि वेळ. बऱ्याच ठिकाणी थोडा सराव करून ही चाचणी पुन्हा देता येते. तेव्हा ऑगस्टमध्ये निघणाऱ्यांनो, आधी ते बघा.

सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी नव्हे

आपल्याकडे "सिलॅबस काय आहे?" म्हणजे कुठले धडे आहेत. तिकडे धड्यांची यादी ही सिलॅबसची शेवटची दोन पानं. आधीच्या सगळ्या पानांवर नियम असतात. मार्क कशाचे किती, उशीर झाला तर काय, आजारी पडलात तर काय, कॅल्क्युलेटर कुठला, ईमेल कुठे करायचा, कॉपी म्हणजे नेमकं काय. कायद्याच्या भाषेत तो करार नसेल, पण काही वाद झाला की प्राध्यापक आणि विद्यार्थी दोघंही तेच पान उघडतात. मी स्वतः किती वेळा "इट्स इन द सिलॅबस" म्हटलंय त्याला गणती नाही. आधी सांगताना मला उद्धट वाटायचं. मग सवय झाली.

त्यातला पहिला आकडा क्रेडिटचा. तीन क्रेडिट म्हणजे आठवड्याला तीन तास वर्ग, आणि आपली मुलं तिथंच थांबतात. पण अमेरिकी केंद्र सरकारच्या नियमात, जो २०११ पासून लागू आहे, एका क्रेडिटची ढोबळ व्याख्या अशी आहे: आठवड्याला एक तास वर्गात आणि त्याशिवाय किमान दोन तास वर्गाबाहेर काम, साधारण पंधरा आठवडे. म्हणजे तीन क्रेडिटला आठवड्याचे नऊ तास. चार विषय घेतले तर छत्तीस. हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं, होमवर्क त्या मापाने दिलेला असतो. "मला येतंय" म्हणून ते नऊ तास तीनावर आणता येतात, पण होमवर्क भरायला लागणारा वेळ आणता येत नाही. तो भरावाच लागतो.

काही ठिकाणी तर वर्ग असा नसतोच. व्हर्जिनिया टेक या युनिव्हर्सिटीने १९९७ मध्ये एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या जागेत मॅथ एम्पोरियम सुरू केलं. शेकडो संगणकांचा एक प्रचंड हॉल, मुलं येतात, आपल्या गतीने सोडवतात, आणि अडलं की संगणकावर लाल कप ठेवतात, म्हणजे मदतनीस येतो. हे मॉडेल नंतर अनेक कॉलेजांनी उचललं. तिथं तुम्हाला "सर आज आले नाहीत" म्हणायची सोयच नाही.

मार्कांचं गणित

आता मुद्द्याचं. आपल्या डोक्यात एक घड्याळ बसलेलं असतं. जून ते फेब्रुवारी हळूहळू चालतं आणि शेवटच्या महिन्यात धावतं. बोर्डाला ८० मार्कांचा पेपर, २० अंतर्गत, आणि ते वीस बहुतेकांना मिळतातच. त्यामुळे "शेवटी बघून घेऊ" ही आपली आळशीपणाची खूण नाही हो, ती आपल्या व्यवस्थेत चालणारी व्यूहरचना आहे. तिकडे ती चालत नाही, इतकंच.

समजा सिलॅबसमध्ये असं लिहिलंय: होमवर्क १५ टक्के, क्विझ १५, तीन टेस्ट मिळून ४५, फायनल २५. हे मी उदाहरण म्हणून घेतेय, पण असंच काहीसं असतं. आता एक हुशार मुलगी घ्या. टेस्टचा सरासरी ८८, फायनलला ९२. आपल्या हिशोबाने टॉपर. पण होमवर्क "बावळटपणा" म्हणून अर्धामुर्धा केला, ४० टक्के. क्विझ सकाळी आठच्या वर्गात असायच्या, निम्म्या झोपेत गेल्या, ५० टक्के.

होमवर्कचे मिळाले ६, क्विझचे ७.५, टेस्टचे ३९.६, फायनलचे २३. बेरीज ७६.१. म्हणजे सी.

तीच मुलगी, तेच टेस्ट, तीच फायनल, फक्त होमवर्क आणि क्विझ ९५ टक्के: बेरीज ९१.१. म्हणजे ए.

पंधरा मार्कांचा फरक, आणि त्यात गणिताचं ज्ञान एका पैशाचं वाढलेलं नाही. बऱ्याच डिपार्टमेंटमध्ये पुढच्या कोर्सला जायला किमान सी लागतो, म्हणजे कधीकधी प्रश्न ए-बीचा नसतो, पुढे जाता येणार की नाही याचा असतो. आणि ७६ ला ८० करून द्या अशी विनंती करू नका. आपल्याकडे ग्रेस मार्क असतात, एटीकेटी असते, म्हणजे व्यवस्थेने पडणाऱ्याला धरायला ठिकठिकाणी दोऱ्या बांधलेल्या असतात. तिकडे दोऱ्या आहेत, पण त्या सेमिस्टर चालू असताना बांधलेल्या आहेत. संपल्यावर नाही.

त्यातली एक दोरी म्हणजे "लोएस्ट ड्रॉप". अनेक सिलॅबसमध्ये असतं की सगळ्यांत कमी मार्कांच्या दोन क्विझ धरणार नाही. याचा अर्थ मुलं लावतात की दोन क्विझ बुडवायला मोकळीक आहे. सप्टेंबरमध्येच ती मोकळीक संपवतात. मग ऑक्टोबरमध्ये ताप येतो, आणि प्राध्यापक म्हणतात, त्यासाठीच तर दोन ठेवल्या होत्या. "नो मेकअप" लिहिलं असेल तर ते गंभीरपणे लिहिलेलं असतं. मेकअप म्हणजे हुकलेली परीक्षा नंतर देणं, बरं का. पहिल्या आठवड्यात एका मुलीने मला विचारलं होतं की मेकअपला बंदी का आहे.

उशिराचंही तेच. ऑनलाइन होमवर्क रात्री ११:५९ ला बंद होतो. १२:०१ ला नेट गेलं, लॅपटॉप हँग झाला, काही उपयोग नाही. माझा स्वतःचा नियम होता की दिवस आधीच संपवायचं, आणि मी तो अर्ध्या वेळा मोडायचे.

"दाखवा"

गणित येणाऱ्या मुलांचे मार्क टेस्टमध्येही जायचे, आणि त्याचं कारण बघून मला वाईट वाटायचं. आपल्याला वेगाची सवय लावलेली असते. सीईटी, जेईई, पर्यायांतून उत्तर हेरायचं, दोन पायऱ्या तोंडी करायच्या. तिकडे पेपरवर लिहिलेलं असतं, "शो युवर वर्क". पायरी नाही तर मार्क नाही, उत्तर बरोबर असलं तरी. आमच्या रुब्रिकमध्ये सहा मार्कांच्या प्रश्नात अंतिम उत्तराला एक मार्क असायचा. बाकीचे पाच रीतीचे. डोमेन काढायला सांगितलं आणि इंटरव्हल नोटेशनमध्ये लिहा म्हटलं, तर "क्ष तीनपेक्षा मोठा" हे अर्धं उत्तर. कंस गोल की चौकोनी, यावर मार्क जातात. चिडचिड होते, मान्य. पण हेही सिलॅबसमध्ये लिहिलेलं असतं.

कॅल्क्युलेटर हा आणखी एक सापळा. अनेक ठिकाणी टीआय-८४ सारखा ग्राफिंग कॅल्क्युलेटर चालतो. टीआय-८९ सहसा चालत नाही, कारण तो समीकरण अक्षरांसकट सोडवून देतो. काही कोर्सेसना कुठलाच चालत नाही. मोबाइल तर कधीच नाही, वेळ बघायलासुद्धा नाही. नवा घ्यायला महाग पडतो, तेव्हा आधी सिलॅबस बघा आणि मग लायब्ररीत विचारा. काही लायब्ररी सेमिस्टरभरासाठी उसने देतात. पुस्तकाचंही तसंच. राइस युनिव्हर्सिटीच्या ओपनस्टॅक्सचं "कॉलेज अल्जेब्रा" फुकट डाउनलोड होतं आणि कित्येक कॉलेजं तेच वापरतात. मात्र ऑनलाइन होमवर्कचा ॲक्सेस कोड लागत असेल तर तो विकत घ्यावाच लागतो, आणि तो न घेतल्यामुळे पहिल्या तीन होमवर्कला शून्य घेणारी मुलं दर वर्षी असतात.

जर्नल उतरवणं

हे जरा जपून बोलते. आपल्याकडे जर्नल उतरवणं ही जवळजवळ सामाजिक सेवा आहे. हॉस्टेलवर एकाची वही दहा खोल्यांत फिरते आणि कुणालाच त्यात पाप वाटत नाही. मीही उतरवलीत. मीही दिलीत.

टीए म्हणून दुसऱ्याच महिन्यात माझ्यासमोर दोन होमवर्क आले. चौथ्या गणितात दोघींनीही वजाचं चिन्ह एकाच ओळीत हरवलं होतं, आणि दोन ओळींनंतर ते दोन्हीकडे आपोआप परत आलं होतं. माझ्या हातात काही नव्हतं, नियमाप्रमाणे मला कळवावं लागलं. ज्या मुलीने वही दिली तिला कळतच नव्हतं की तिचं काय चुकलं. "मी तर स्वतः सोडवलंय ना?" पण अकॅडेमिक इंटेग्रिटीच्या नियमात देणारा आणि घेणारा सहसा एकाच तागडीत तोलले जातात. दोघींना त्या होमवर्कचं शून्य मिळालं आणि फाइलवर नोंद झाली. दुसऱ्यांदा झालं असतं तर कोर्समध्येच एफ.

चर्चा करायला मनाई नसते, उलट अनेक प्राध्यापक गटात बसा म्हणतात. रेषा कुठे आहे ते सिलॅबस सांगतो: बोला एकत्र, लिहा स्वतंत्र. फोटो काढून उत्तर देणारी ॲप्स, एआय चॅटबॉट, यांचे नियम तर एकाच कॉरिडॉरमधल्या दोन प्राध्यापकांचे वेगळे असतात. एक म्हणतो समजून घ्यायला वापरा, दुसरा म्हणतो हातही लावू नका. इथं "सगळे वापरतात" हा बचाव चालत नाही. विचारून घ्या, आणि ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लिखित राहतं.

ऑफिस अवर्सला रिकामी खुर्ची

आठवड्यात दोन-तीन तास प्राध्यापक आणि टीए दार उघडं ठेवून बसलेले असतात. त्यांना त्या कामाचा पगार असतो. मी बसायचे, आणि समोरची खुर्ची बहुतेक वेळ रिकामी. टेस्टच्या आदल्या दिवशी मात्र रांग. आपली मुलं तर येतच नसत. नंतर एकाने सांगितलं, "वाटायचं की ढ पोरं जातात तिथं." बघा, आपल्याकडे सरांच्या केबिनमध्ये बोलावणं येतं ते काहीतरी चुकल्यावर. त्यामुळे पाय अडखळतो. पण तिथं ए मिळवणारी मुलंच जास्त येतात. एक गणित घेऊन जा, "इथपर्यंत आलं, पुढे अडलं" एवढं म्हणा, बस.

ईमेलबद्दल एकच: युनिव्हर्सिटीच्या आयडीवरून लिहा, कोर्स आणि सेक्शन नंबर लिहा, आणि "रिस्पेक्टेड सर" च्या जागी प्रोफेसर आणि आडनाव. टीएला नावाने हाक मारली तरी चालते. मला पहिल्या महिन्यात ते ऐकून दचकायला व्हायचं.

आई-बाबांसाठी एक मुद्दा, कारण मला माहितेय काही जण घरच्यांसोबत ऐकता. १९७४ चा फर्पा नावाचा कायदा आहे. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या मार्कांवर हक्क त्याचा. साधारणपणे त्याच्या लेखी संमतीशिवाय कॉलेज पालकांनाही मार्क सांगत नाही. एका काकांनी पुण्याहून रात्रभर जागून आमच्या ऑफिसला फोन केला होता. त्यांना फक्त "पोरगं वर्गात येतं का" एवढंच विचारायचं होतं. आम्हाला तेही सांगता येईना. फोन ठेवल्यावर मला दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहिलं.

आणि कुणाला डिस्लेक्सिया, एडीएचडी, दृष्टीची किंवा दुसरी कुठली अडचण असेल तर लाजू नका. १९७३ च्या कायद्याचं कलम ५०४ आणि १९९० चा एडीए, या दोन्हींमुळे कॉलेजला योग्य ती सोय द्यावी लागते: जास्त वेळ, वेगळी खोली, मोठा टाइप. पण तुम्ही स्वतः त्या ऑफिसात नोंद करायची आणि त्यांचं पत्र प्राध्यापकांना द्यायचं. ही सोय मागच्या तारखेने मिळत नाही. नापास झाल्यावर सांगितलं तर त्या टेस्टपुरता उपयोग शून्य.

सणांचंही सांगते. धार्मिक सणासाठी गैरहजर राहायची मुभा अनेक युनिव्हर्सिटी देतात, पण बऱ्याच ठिकाणी अट असते की सेमिस्टरच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच कळवा. गणपती तर सेमिस्टर सुरू झाल्या झाल्या येतात. तारीख बघा, ईमेल टाका. आणि डिसेंबरचं तिकीट फायनलची तारीख बघितल्याशिवाय काढू नका. स्वस्तात मिळालं म्हणून जुलैमध्येच काढतात, आणि फायनल निघते तिकिटाच्या दुसऱ्या दिवशी. "तिकीट आधीच काढलंय" हे कारण चालणार नाही, असं कित्येक सिलॅबसमध्ये स्पष्ट छापलेलं असतं.

शुक्रवार, संध्याकाळी पाच

आता ज्याच्यासाठी हा भाग करावासा वाटला ते. मुलाचं नाव-गाव सांगत नाही, काही तपशील बदललेत.

आठवा आठवडा. हा मुलगा माझ्या ऑफिसच्या दारात पहिल्यांदाच उभा. मराठीत म्हणाला, "ताई, तुम्ही मराठी आहात ना?" हुशार मुलगा, बारावीला गणितात नव्वदच्या वर. पण चौदापैकी झालेल्या आठ होमवर्कांतले त्याने दोनच केले होते. दोन्हींत पूर्ण मार्क, बाकी सहा शून्य. आठ क्विझपैकी तीन दिल्या, तिन्ही पैकीच्या पैकी, पाच चुकवल्या. टेस्ट दोन झाल्या होत्या: ५१ आणि ४७, बहुतेक पायऱ्या न लिहिल्यामुळे. "फायनलला कव्हर करतो," म्हणाला. "मला येतं सगळं."

मी म्हटलं, चल, गणितच करू.

समज, इथून पुढचे सहाही होमवर्क पूर्ण केलेस आणि सहाही क्विझमध्ये पैकीच्या पैकी मिळवलेस. होमवर्क होतात चौदापैकी आठ, म्हणजे १५ पैकी ८.६. क्विझ चौदापैकी नऊ, म्हणजे १५ पैकी ९.६. दोन टेस्टचे मिळून १४.७. बेरीज ३२.९. उरलेली तिसरी टेस्ट आणि फायनल मिळून ४० टक्के. सी ला हवेत ७०.

३२.९ + ०.४० × क्ष = ७०.

त्याने क्ष काढायला पाच सेकंदही घेतले नाहीत. जवळजवळ ९३. आणि मग बराच वेळ कागदाकडेच बघत राहिला. आत्तापर्यंत ५१ आणि ४७, आणि पुढे दोन्ही वेळा ९३, एकही होमवर्क न चुकवता. अशक्य नाही. पण पैज कशावर लावतोयस?

कारण दुसरा मार्ग होता, आणि त्याची मुदत पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपत होती. सेमिस्टरच्या मध्यानंतर एका ठरलेल्या तारखेपर्यंत कोर्स सोडता येतो. मार्कशीटवर डब्ल्यू लागतो, विड्रॉ केल्याचा. तो दिसतो, पण जीपीएमध्ये धरत नाहीत. एफ मात्र शून्य म्हणून धरला जातो आणि सगळी सरासरी खाली ओढतो. ती तारीख उलटली की मग फक्त पास किंवा नापास. (पहिल्या एक-दोन आठवड्यांत सोडलं तर डब्ल्यूही लागत नाही आणि फीसुद्धा परत मिळते. पण ती वेळ कधीच गेली होती. आणि "इनकम्प्लीट" हा प्रकार यासाठी नसतो. कोर्स बहुतेक झालाय, पासही होताय, आणि शेवटी अपघात-आजारपण आलं, तर.)

त्याने लगेच मोबाइल काढला, पोर्टल उघडलं, बोट "ड्रॉप" वर. मी अक्षरशः ओरडले, थांब!

कारण तो एफ-१ व्हिसावर होता. बॅचलर्सच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट ठेवावे लागतात, आणि त्यात ऑनलाइन कोर्स एकच, तीन क्रेडिटपर्यंत, धरला जातो. याचे होते १३. तीन सोडले की दहा. परवानगी न घेता १२ च्या खाली गेलं की व्हिसाचं स्टेटस धोक्यात येतं. सुरुवातीच्या काळात अभ्यासात अडचण आली म्हणून क्रेडिट कमी करायची परवानगी मिळू शकते, पण ती इंटरनॅशनल ऑफिसच्या अधिकाऱ्याने आधी द्यायची असते, बटण दाबल्यावर नाही. आणि हे, मंडळी, अल्जेब्राच्या सिलॅबसमध्ये लिहिलेलं नसतं. तिथं फक्त डब्ल्यूची तारीख असते. सगळ्या वर्गासाठी ती एक साधी तारीख आहे, तुमच्यासाठी नाही.

दुसऱ्या दिवशी तो त्या ऑफिसात गेला. तिथल्या बाईंनी त्याला सेमिस्टरच्या दुसऱ्या निम्म्यात सुरू होणारा आठ आठवड्यांचा, वर्गात बसून करायचा तीन क्रेडिटचा कोर्स शोधून दिला. आधी तो घेतला, १६ झाले. मग अल्जेब्रा सोडलं, १३ राहिले. क्रम महत्त्वाचा. अल्जेब्राची फी मात्र गेली, ती परत मिळाली नाही. पुढच्या जानेवारीत त्याने तोच कोर्स दुसऱ्या प्राध्यापकांकडे घेतला आणि बी मिळवला.

पण मला आठवतं ते त्या शुक्रवारचं. सगळं झाल्यावर तो माझ्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून घरी फोन लावत होता. भारतात पहाट झालेली. दार उघडंच होतं, ऐकू येत होतं. "अगं आई, नापास नाही झालो. सोडलाय. नाही गं, काढून नाही टाकलं मला, मीच सोडलाय. हो, पुन्हा घेणार. नाही, पैसे परत नाही मिळत. आई, ऐक ना, सोडणं वेगळं…" मी दोन क्विझचे गठ्ठे तपासून संपवले तरी ते चालूच होतं.